सिंधू आहेर, वय चोवीस

४ जानेवारी २००९, रविवार

नवी डायरी चार दिवस कोरीच पडून होती. निवृत्त माणसाच्या दिवसात लिहिण्यासारखं असतं काय? दूध, पेपर, बीपीची गोळी आणि जेलरोडला एक फेरी. आज मात्र लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळी दिंडोरीहून वाल्मीकचा फोन आला. वाल्मीक म्हणजे संध्याचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. आमच्या मुलीसाठी, तृप्तीसाठी, त्याने तिकडचं एक स्थळ आणलं आहे. द्राक्षबागवाले लोक, मुलगा इंजिनिअर. आधी त्याने बागेतल्या फवारणीचं पुराण लावलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, रागावू नका, पण मुलाच्या बहिणीनं कांपुटरवर तृप्तीचा फोटो पाह्यला. ते ऑर्कुट का काय हे ना, त्याच्यावर. मोटारसायकलवर मागं बसेल हे ती. पुढं पोरगा कोण हे, आसं इचारीत व्हते."

मी म्हटलं, ऑफिसातला असेल कोणी.

"आसंन, आसंन. लय काही नाय त्याच्यात. त्यांनी इचारलं म्हून सांगितलं."

लय काही नाही म्हणाला, पण आज जेलरोडची फेरी राहूनच गेली. तृप्ती तीन वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्या कॉलनीतली पुण्याला नोकरी लागलेली पहिली मुलगी. तिला विचारलं तर "मित्र आहे, बाबा" एवढंच म्हणेल. विचारून काही कळत नसतं. मी तेहतीस वर्षं प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं तपासली. शीटला विचारून दोष सापडत नाही, शीट उजेडात धरावी लागते.

७ जानेवारी, बुधवार

हिरामण बोरस्तेच्या सायबर कॅफेत गेलो. पूर्वी याचंच एसटीडी बूथ होतं, काच तीच, आत आता सहा कॉम्प्युटर. चाळिशीचा आहे, सगळ्या नाशिकरोडला ओळखतो, म्हणून त्याला मनातलं काही सांगितलं नाही. ऑर्कुट बघायचंय एवढंच म्हटलं.

तो म्हणाला, "साहेब, बघायचं असेल तर आधी आपलं खातं लागतं. आणि तुम्ही कोणाच्या पानावर गेलात की त्याला तुमचं नाव दिसतं, बरं का."

म्हणजे माझ्या नावाने जाऊन उपयोग नाही. दुसरं नाव लावायचं ठरवलं. मुलीचं असावं, म्हणजे संशय नको. ऐनवेळी काही सुचेना, तेव्हा आईचं नाव आठवलं, सिंधुबाई. त्यातलं बाई काढून टाकलं. आडनाव तिच्या माहेरचं, आहेर. गाव देवळा, वय चोवीस. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. या नावावरून मला जगात कोण ओळखणार आहे?

हिरामणने सगळं टाइप केलं. मध्येच त्याला खोकला आला.

९ जानेवारी, शुक्रवार

काल सिंधूच्या नावाने पाठवलेली मैत्रीची विनंती तृप्तीने स्वीकारली. एका दिवसात! कोण कुठली सिंधू, ना ओळख ना पाळख, आणि ही लगेच हो म्हणून मोकळी. मी आजवर हिला काय शिकवलं, असं वाटून संताप आला.

तो फोटो पाहिला. मुलाचं नाव अमित. केस कपाळावर, गॉगल. तृप्ती मागे बसून हसते आहे. घरी ती असं तोंड उघडून हसलेली मला आठवत नाही. खाली कोणा निकिताने लिहिलं आहे, "काय जोडी आहे!" आणि पुढे जीभ काढलेला पिवळा चेहरा. त्या चेहऱ्याचा अर्थ हिरामणला विचारला. तो म्हणाला, "गंमत, साहेब." मला त्यात गंमत दिसली नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सिंधूकडून तृप्तीला पहिला निरोप पाठवला. मीच सांगत गेलो, हिरामण टाइप करत गेला. "प्रिय मैत्रीण तृप्ती, स. न. तिळगूळ घे, गोड बोल. पुण्यात थंडी फार असेल. जेवण वेळेवर करत जावे. रात्रीच्या वेळी वाहनावर फिरू नये. कळावे, तुझी सिंधू." आजकालच्या मुलींसारखंच जमलं असं मला वाटलं.

तासाभरात उत्तर आलं. "तुलाही तिळगूळ, सिंधू. मी जेवते वेळेवर. तूही पापड-लोणचं कमी कर आणि गोळी चुकवू नकोस."

कुठली गोळी ते कळलं नाही. हल्ली चोविशीतच पोरींना काही ना काही सुरू होतं म्हणे, त्यांचं आपसात चालत असावं. हिरामण उगाच हसत सुटला. कशाला हसतोस विचारलं तर म्हणे, काही नाही साहेब, सण आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

गेले आठ दिवस रोज जातो आहे. कॅफेत जाताना छातीत धडधडतं आणि नाही गेलो तर जास्त धडधडतं. संध्या विचारते, रोज अकराला कुठे निघता? मी वाचनालय सांगतो.

आज नक्की काहीतरी सापडलं. सकाळी अकराला तृप्तीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. हिरवा ठिपका म्हणजे माणूस त्या क्षणी तिथे बसलेला आहे. गुरुवारी अकरा वाजता ऑफिसात काम करायचं की हे? आणि हे आजचंच नाही. सोमवारी होता, मंगळवारीही होता. तिच्या ऑफिसच्या टेबलाचे फोटो होते तेही तिने काढून टाकलेत. संध्याकाळी फोनवर सहज विचारलं, काम कसं आहे? "खूप आहे, बाबा. वेळच नाही मिळत." सरळ खोटं.

जागाही बदलली आहे तिने. आता कात्रजकडे चौघींत एक खोली घेतली आहे. कोथरूडची चांगली जागा कशाला सोडली, तर म्हणे मैत्रिणी आहेत तिथे. त्या अमितचं घर कात्रजला आहे, हे त्याच्या पानावर मी कालच वाचलं होतं.

संध्या म्हणाली, "पोरीचा आवाज बारीक झालाय हो. नीट खात नाही वाटतं." हिचं सगळं खाण्यापाशी येऊन थांबतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

तृप्तीने आईला फोन करून शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं आणि पदवीचं प्रमाणपत्र मागितलं. मूळ प्रती, कुरिअरने, लवकर. ऑफिसला लागतात म्हणे.

तीन वर्षं नोकरी झाल्यावर ऑफिसला शाळेचा दाखला कशाला लागेल? दाखल्यावर जन्मतारीख असते. जन्मतारखेचा पुरावा कुठे लागतो, हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुरावा मिळाला. अमितने तृप्तीच्या पानावर उघड लिहिलं आहे, मी शब्दन् शब्द उतरवून आणला. "मंगळवार, सतरा तारीख. सकाळी साडेनऊला शिवाजीनगरला कोर्टाच्या अलीकडच्या गल्लीत भेटू. चार फोटो आणि ओरिजिनल्स विसरू नकोस. मी आणि निकिता येतोच आहोत. टेन्शन घेऊ नको, या वेळी होणार."

कोर्ट, चार फोटो, मूळ कागद, आणि साक्षीला निकिता. आणखी काय उजेडात धरायचं राहिलं?

प्रेसमध्ये मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. शीट चांगली असेल असं समजून बघायला गेलं की डोळा सुस्तावतो. हातात आलेली प्रत्येक शीट सदोष आहे असं धरून चालायचं आणि तिनेच आपलं चांगलेपण सिद्ध करायचं. तेहतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही वाईट शीट पुढे गेली नाही. चांगल्या किती रद्दीत गेल्या ते कोणी मोजत नव्हतं.

घरी आल्यावर संध्या भाजीला गेली होती तेवढ्यात गोदरेजच्या कपाटातली तृप्तीची फाईल काढली आणि माळ्यावर जुन्या कॅलेंडरांच्या भेंडोळ्यात घालून ठेवली. स्टुलावरून उतरताना तोल गेला, पण पडलो नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

तृप्तीचा आज थेट मला फोन. "बाबा, फाईल सापडली का?"

"नाही गं. कपाटात नाही."

"निळी फाईल, बाबा. तुम्हीच ठेवली होती. कप्प्यात, पासबुकांच्या खाली."

"पाहिलं सगळीकडे."

मग म्हणाली, "बरं. परत एकदा बघता का? मला खरंच हवी आहे." मी बघतो म्हटलं. तिने माझी तब्येत विचारली आणि फोन ठेवला. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

संध्या दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "या घरात तुम्ही साधी पावती हरवू देत नाही आणि पोरीची फाईल हरवली? कागदांना पाय फुटतात का?" मी चिडलो. आवाज इतका चढला की शेजारच्या लंकाबाई गॅलरीत आल्या. नंतर गोळी घेतली आणि पडून राहिलो.

हे मी तिच्या भल्यासाठी करतो आहे. सतरा तारीख टळली की तिला बोलावून घेईन, समोर बसवून समजावीन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सिंधूला तृप्तीचा निरोप आला आहे, इतर कोणाला दिसणार नाही असा. हिरामण पान उघडून बाहेर चहाला गेला. मी एकट्याने वाचला. पुन्हा पुन्हा वाचून इथे लिहितो आहे.

"सिंधू, तुला म्हणून सांगते. डिसेंबरात कंपनीने आमच्या चाळीस जणांना एका दिवसात काढलं. त्यात मी, अमित, निकिता सगळेच आहोत. घरी सांगितलेलं नाही. बाबांनी माझी नोकरी कौतुकाने सगळ्या कॉलनीला सांगून ठेवली आहे आणि त्यांना त्रास झाला की त्यांचं बीपी वाढतं. मंगळवारी एका बँकेच्या मुलाखती आहेत. मूळ कागद नसतील तर आत घेत नाहीत, तसं पत्रातच लिहिलंय. माझे कागद घरी आहेत आणि बाबा म्हणतात सापडत नाहीत. मला बाबांवर रागवायचं नाही. त्यांना काहीतरी वेगळंच वाटत असेल. फक्त त्यांना कोणीतरी हे सांगायला हवं. मला समोरून जमत नाही. तू सांगशील?"

आधी डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करतो. माळ्यावरून फाईल काढून थेट कुरिअरवाल्याकडे जावं असं मनात आलं. पण मग नीट बघायला लागलो. चाळीस माणसं एका दिवसात कोण काढतं? पेपरात मंदी मंदी म्हणतात ती अमेरिकेतली. बँकेचं नाव कुठेही नाही. शिवाय कधी पाहिलेलीही नाही अशा मुलीपाशी कोणी असं पोटातलं ओततं का? आणि ती देवळ्याची मुलगी नाशिकरोडला येऊन तृप्तीच्या बाबांना सांगेल, हे तिने गृहीत कसं धरलं? कुठेतरी पाणी मुरतंय. ही गोष्ट घरी सांगण्यासाठी आधी जुळवून ठेवली असणार, आणि सिंधूवर तिची तालीम चालली आहे.

शिवाय ती जागाच तशी आहे. साठीला टेकलेला मी माणूस जिथे चोवीस वर्षांची सिंधू होऊन बसतो, तिथे लिहिलेलं खरं धरायचं कसं?

सिंधूकडून उत्तर दिलं, "धीर धर. घाईने कोणताही निर्णय घेऊ नकोस. आईवडील वाईट चिंतत नसतात."

ती तिथेच होती, हिरवा ठिपका दिसत होता. थोड्या वेळाने एकच शब्द आला, "बरं."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याला न राहवून विचारलं, तृप्तीची नोकरी गेली असेल का? ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला दिवाळीनंतर दीड महिन्यानेच वाटलं होतं." कशावरून, म्हटलं. "आवाजावरून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, कोणी नाही, सहज.

आवाजावरून काय कळतं? आवाज उजेडात धरता येत नाही. मी तिला रजिस्टर लग्नाबद्दल काही बोललो नाही. तिचा जीव उगाच टांगणीला.

१५ फेब्रुवारी, रविवार

कॅफेत गेलो तर लोडशेडिंग. हिरामण खुर्ची बाहेर टाकून बसला होता. म्हणाला, "साहेब, एक बोलू? पोरगी हुशार आहे तुमची."

मी म्हटलं, माझी पोरगी कुठून आली यात?

"नाही, आपलं सहज म्हटलं. साहेब, माझंही पान आहे त्याच्यावर. त्यात मी अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि गिटार वाजवतो. बायकोला माहीत आहे. ती रोज वाचते आणि काही बोलत नाही." हसला. मग म्हणाला, "पण ती माझ्याकडे संशयाने बघत नाही, एवढं आहे."

हा माणूस काय बोलतो त्याला काही धरबंध नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी माळ्यावरून फाईल काढली. दाखला उघडून पाहिला. त्यावर शाळेचा शेरा आहे, "वर्तणूक चांगली." आत्तापर्यंत शंभरदा पाहिला असेल, पण आज तेवढी एकच ओळ वाचत बसलो.

उद्या मी स्वतः पुण्याला जाणार. नुसते कागद अडवून भागणार नाही, उद्या टळलं तर परवा दुसरे कागद काढतील. समोर जाऊन उभं राहायचं. बापाच्या डोळ्यांदेखत पुढे पाऊल टाकायची हिंमत तृप्तीत नाही, तेवढी मी तिला ओळखतो.

फाईल न्यावी का, हा विचार दिवसभर चालला. मुलाखत खरीच असली तर? पण बरोबर नेली आणि तिथे कोणी हातातून ओढली तर बसल्या जागी सह्या होतील. दोनदा पिशवीत घातली, दोनदा काढली. शेवटी परत माळ्यावर ठेवली. संध्याला सांगितलं, प्रेसमधल्या बारकू गायधनीची पुण्याला बायपास झाली आहे, भेटून येतो. तिने दशम्या बांधून दिल्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परतीच्या गाडीत लिहितो आहे. चाकणच्या पुढे आलो असू. अक्षर हलतं आहे, त्याला इलाज नाही.

पहाटेच्या गाडीने सव्वानऊला शिवाजीनगरला उतरलो. कोर्टाच्या अलीकडची गल्ली लगेच सापडली. समोरच्या फुटपाथवर एका झाडाआड उभा राहिलो.

पलीकडे एक तीन मजली इमारत, वर बँकेची पाटी. फाटकाबाहेर रांग लागलेली. दोनशे तरी मुलंमुली असतील. इस्त्रीचे कपडे, प्रत्येकाच्या छातीशी फाईल. कोणी पुटपुटत पाठ करत होतं, कोणी उभ्या उभ्या वडापाव खात होतं. फाटकाशी टेबल टाकून एक माणूस एकेकाचे कागद बघून आत सोडत होता. त्याची बघायची पद्धत मी ओळखली. तो माझ्यासारखाच बघत होता.

रांगेत अमित होता. फोटोत गॉगल लावलेला तो हाच, हे पटायला वेळ लागला. अंगापिंडाने पोरगेला, गळ्यात कोणाचा तरी मागून आणलेला टाय. त्याच्या मागे एक मुलगी, ती निकिता असणार. आणि त्यांच्या मागे तृप्ती. दिवाळीत घातलेला तोच निळा ड्रेस, तो आता तिच्या अंगावर लोंबत होता. तिच्या हातात फक्त एक पातळ पाकीट होतं.

तिची पाळी आली. तिने पाकिटातून झेरॉक्स काढून दाखवल्या. टेबलावरच्या माणसाने मान हलवली. ती काहीतरी सांगत राहिली. त्याने पुन्हा मान हलवली आणि हाताने तिला बाजूला व्हायला सांगितलं. अमित फाटकातून परत येऊन त्या माणसाशी हुज्जत घालायला लागला. तिने त्याचा दंड धरून त्याला आत, निकिताजवळ ढकललं.

ती बाजूला होऊन रस्त्याकडे वळली आणि तिला मी दिसलो.

तिचा चेहरा असा काही उजळला! लहानपणी शाळेच्या फाटकाशी मी दिसलो की व्हायचा तसा. रिक्षा, स्कूटर काही न बघता ती रस्ता ओलांडून धावत आली. "आलात! मला माहीत होतं तुम्ही याल. निकिता, थांब, बाबा आले!" धाप लागली होती तिला. "सिंधूला लिहिलं की तुमच्यापर्यंत पोचणारच, एवढं मला पक्कं माहीत होतं. द्या लवकर, दोनच मिनिटं आहेत, तो दहाला फाटक लावतो."

मी काही बोलण्याआधीच तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. चेन उघडली. दशम्यांचा डबा बाजूला केला, पाण्याची बाटली बाजूला केली, पंचा बाहेर काढून खाली पाहिलं. मग बाहेरच्या कप्प्यात पाहिलं. मग पुन्हा आत.

पंचा घडी घालून तिने परत ठेवला. चेन लावली.

"फाईल?"

मला "घरी आहे" म्हणायचं होतं. तोंडातून "माळ्यावर" आलं.

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. पलीकडे फाटक लागल्याचा आवाज झाला, तेव्हा एकदा तिकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून तिने अगदी साधेपणाने विचारलं, तिला खरोखरच समजत नव्हतं म्हणून विचारलं, "मग तुम्ही कशाला आलात, बाबा?"

तिने मला स्टँडवर आणलं, खिडकीची जागा बघून बसवलं, गाडी सुटेपर्यंत खाली उभी राहिली. आता घरी पोचल्यावर संध्याही तेच विचारणार आहे, मग तुम्ही गेलात कशाला?